संकटातील खरेदी आणि स्वस्थतेतील विसर

कोविडच्या साथीसंबंधी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलेली आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपुष्टात आली. डॉक्टर, परिचारिका आणि वॉर्डबॉय ज्या संरक्षक पोशाखांवाचून आणि एन-९५ मुखपट्ट्यांवाचून एके काळी हवालदिल झाले होते, त्या साधनांचा विषयही त्यानंतर हळूहळू मागे पडला. हे मनुष्यस्वभावाला धरूनच झाले. पूर ओसरला की गाव नदीला पाठ करून झोपते. परंतु व्यक्तीला जो विसर क्षम्य ठरतो तो शासनसंस्थेला क्षम्य ठरत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा प्रसंग एकदा येऊन गेल्यावर पुन्हा तोच येऊ नये, एवढी अपेक्षा नागरिकाने बाळगली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.

सरकारी रुग्णालयांनी संरक्षक साधने देशातच तयार झालेली घ्यावीत की परदेशातून स्वस्तात मागवावीत, हा प्रश्न वरवर पाहता निकालात निघाल्यासारखा दिसतो. देशी मालाला अग्रक्रम द्यावा याविषयी आज क्वचितच कोणाचा मतभेद असेल. खरा प्रश्न निराळाच आहे. अग्रक्रम द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे? संकटाच्या वेळी देशी कारखानदाराला हाक मारायची आणि संकट सरताच त्याला वाऱ्यावर सोडायचे, याला स्वदेशी म्हणता येईल काय? कारखाना घोषणांवर चालत नाही. मागणी नियमित असावी, मालाची पारख काटेकोर व्हावी आणि पैसा वेळेवर मिळावा, एवढेच त्याला हवे असते. सरकारी खरेदीच्या धोरणात नेमकी या तीन गोष्टींचीच वाण आहे.

पाच महिन्यांतील चढण

२०२० सालचा घटनाक्रम या दृष्टीने पुन्हा डोळ्यांखालून घालण्याजोगा आहे. ३० जानेवारीस केरळात देशातील पहिला रुग्ण आढळला. दुसऱ्याच दिवशी परकीय व्यापार महासंचालनालयाने संरक्षक साधनांच्या निर्यातीवर बंदी घातली. फेब्रुवारीत ही बंदी काही अंशी सैल करण्यात आली आणि १९ मार्चला पुन्हा आवळण्यात आली. १३ मार्च रोजी मुखपट्ट्या व हात निर्जंतुक करण्याचे द्रव जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घालण्यात आले आणि २१ मार्चला दोन पदरी मुखपट्टीची कमाल किंमत ८ रुपये, तर तीन पदरी मुखपट्टीची १० रुपये ठरविण्यात आली. निर्बंध घालण्याची यंत्रणा अशी चपळ होती, परंतु रुग्णालयांच्या कोठारांत माल मात्र नव्हता. मार्चअखेरीस कोलकात्यात काही डॉक्टरांना रेनकोट चढवून रुग्ण तपासावे लागले आणि हरियाणात एका डॉक्टरने मोटारसायकलचे शिरस्त्राण वापरले, हे वृत्त तेव्हा जगभर गेले.

त्यापुढील दोन महिन्यांत मात्र जे घडले ते निःसंशय कौतुकास्पद होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खरेदीचे काम एच.एल.एल. लाइफकेअर या सार्वजनिक कंपनीकडे सोपविले. दोन कोटींहून अधिक पोशाखांच्या मागण्या नोंदविण्यात आल्या आणि त्यांतील मोठा वाटा देशी उत्पादकांच्या वाट्यास आला. बंगळूर, तिरुप्पूर, लुधियाना, अहमदाबाद, भिवंडी अशा ठिकाणी तयार कपडे शिवणारी यंत्रे संरक्षक पोशाख शिवू लागली. पोशाखाच्या शिवणीवर गरम हवेने पट्टी चिकटविणारे यंत्र आणि ती पट्टी यांचासुद्धा सुरुवातीस तुटवडा होता. तरीही १२ मे रोजी पंतप्रधानांनी राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात, साथ सुरू झाली तेव्हा देशात एकही पीपीई किट तयार होत नव्हते आणि आता रोज दोन लाख किटे व दोन लाख एन-९५ मुखपट्ट्या तयार होत आहेत, असे सांगितले. त्याच महिन्यात, या पोशाखांच्या उत्पादनात भारत चीनखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर पोहोचल्याचे वस्त्रोद्योग मंत्रालयाने जाहीर केले. २९ जूनला दरमहा ५० लाख पोशाखांच्या निर्यातीस परवानगीही मिळाली. जानेवारीत ज्या वस्तूच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली होती, ती जूनमध्ये परदेशी पाठविण्याइतकी मुबलक झाली होती.

येथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक आहे आणि ती अभिमानाने सांगितलीही जाते. पुढची कथा फारशी सांगितली जात नाही. कोठारे भरली, केंद्राची खरेदी ओसरली, राज्यांनी हात आखडता घेतला आणि जगभरातील बाजारपेठांत स्वस्त मालाचा पूर आला. कर्ज काढून यंत्रे बसविलेल्या अनेक लहान उत्पादकांना पुन्हा सदरे-विजारींकडे वळावे लागले, तर काहींना यंत्रे झाकून ठेवावी लागली. संकटात उभी राहिलेली उत्पादनक्षमता हे एक राष्ट्रीय भांडवल होते. धरण बांधावे आणि पावसाळा संपताच त्याचे दरवाजे काढून विकावेत, तसा हा व्यवहार झाला.

रुळांचा धडा

सरकारी मागणीच्या आधारावर उद्योग कसा उभा राहतो, याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात भारतीय अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानात, पाश्चात्य अर्थशास्त्रातील अनिर्बंध व्यापाराचे सिद्धांत या देशाच्या परिस्थितीस जसेच्या तसे लागू पडत नाहीत आणि नव्या उद्योगांना हात देणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, असे प्रतिपादन केले होते. पुढे टाटांच्या पोलाद कारखान्याची आखणी चालू असताना सरकारने दरवर्षी २० हजार टन रूळ याप्रमाणे दहा वर्षे खरेदी करण्याचे मान्य केले. त्याला दोन अटी होत्या. रूळ ठरलेल्या प्रतीस उतरले पाहिजेत आणि किंमत आयात मालाच्या किमतीएवढी असली पाहिजे.

या कराराचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. सरकारने त्यात देणगी दिली नव्हती की जादा किंमतही मोजली नव्हती. सरकारने दिले ते केवळ निश्चित मागणीचे आश्वासन. भांडवलदाराच्या आणि सामान्य भागधारकाच्या मनातील भीती त्या आश्वासनाने कमी झाली. १९०७ साली कंपनीचे भाग विक्रीस निघाले तेव्हा मुंबईत ते घेण्यासाठी जी गर्दी उसळली, तिच्यामागे स्वदेशीची भावना होती, हे खरेच. परंतु त्या भावनेला हिशेबाचा आधार होता, हेही तितकेच खरे. परकीय सरकारला रुळांच्या बाबतीत जे सुचले, ते स्वकीय सरकारांना मुखपट्टीच्या बाबतीत सुचू नये, हे चमत्कारिक आहे.

निश्चित मागणीचे मोल किती, हे एका साध्या हिशेबाने कळेल. समजा, मुखपट्टीच्या मधल्या पदरासाठी लागणारे गाळणीचे कापड तयार करणारे यंत्र ६ कोटी रुपयांना पडते आणि त्यावर दरमहा १० लाख मुखपट्ट्यांपुरते कापड निघते. मागणी सहा महिनेच टिकणार अशी कारखानदाराची खात्री असेल, तर त्याला ६० लाख मुखपट्ट्यांत भांडवल वसूल करावे लागेल, म्हणजे प्रत्येक नगामागे १० रुपये केवळ यंत्रापोटी चढतील. हीच मागणी पाच वर्षे राहणार असेल, तर ६ कोटी रुपये सहा कोटी नगांवर वाटले जातील आणि यंत्राचा बोजा नगामागे अवघा १ रुपया पडेल. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. परंतु त्यांतून निघणारा निष्कर्ष खोटा नाही. देशी माल महाग असतो असे जे म्हटले जाते, त्या महागाईचा बराचसा भाग खरेदीदाराच्या धरसोडीतून निर्माण झालेला असतो.

किमान देकाराचा मोह

कायद्यात देशी मालाला अग्रक्रम नाही, असे नाही. केंद्र सरकारने जून २०१७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र आदेश काढला आणि २०२० साली तो अधिक कडक केला. ज्या पुरवठादाराच्या मालात निम्मे किंवा त्याहून अधिक मूल्य देशात निर्माण झालेले असते तो पहिल्या वर्गात मोडतो. त्याचा देकार किमान देकाराच्या वीस टक्क्यांच्या आत असेल, तर किमान दराने माल पुरविण्याची संधी त्याला मिळते. दोनशे कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी, विशेष मंजुरीखेरीज, जागतिक निविदा काढता येत नाही. लघुउद्योगांसाठी केंद्रीय खात्यांनी आणि उपक्रमांनी वार्षिक खरेदीचा २५ टक्के हिस्सा राखावा, असाही नियम आहे.

हे सारे योग्यच आहे. परंतु या नियमांना दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, हा अग्रक्रम निविदा निघाल्यानंतरच लागू होतो. ज्या वर्षी निविदाच निघत नाही, त्या वर्षी वीस टक्क्यांच्या सवलतीला काही अर्थ उरत नाही. उपाशी माणसाला पहिल्या पंगतीचा मान द्यावा आणि पंगत मात्र तीन वर्षांतून एकदा वाढावी, तशातला हा प्रकार आहे. दुसरी मर्यादा अशी की, हिशेब मूल्याचा असल्यामुळे शिलाई, मजुरी, वेष्टन मिळून निम्मा वाटा देशी भरू शकतो आणि ज्या पदरावर मुखपट्टीचा सारा गुण अवलंबून असतो तो मधला पदर परदेशी राहू शकतो. सीमा बंद झाल्या की असा कारखाना आठवडाभरात बंद पडेल. कागदावर मात्र तो पहिल्या वर्गाचा देशी पुरवठादार असेल.

याहून खोल अडचण किमान देकाराच्या पद्धतीत आहे. वस्तूंच्या सरकारी खरेदीत, तांत्रिक अटी पुऱ्या करणाऱ्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम, हा सर्वसाधारण शिरस्ता आहे. खडू, कागद, टाचण्या घेताना तो ठीक आहे. त्या वस्तूंचा कमअस्सलपणा वापरताच कळतो. संरक्षक पोशाखाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या कापडातून रक्त झिरपते की नाही, मुखपट्टी सूक्ष्म कण अडविते की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांना कळत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, जेथे मालाची प्रत विकणाऱ्यास ठाऊक असते परंतु घेणाऱ्यास ओळखता येत नाही, तेथे वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. संरक्षक साधनांच्या बाजारात नेमके हेच घडते. प्रामाणिक उत्पादकाचा खर्च जास्त असतो, म्हणून त्याचा देकार मागे पडतो. अप्रामाणिकाचा देकार पुढे जातो. आणि या चुकीची किंमत निविदा उघडणारा अधिकारी देत नाही. ती वॉर्डातील परिचारिका देते.

हा दोष केवळ आयात मालाचा किंवा केवळ देशी मालाचा नाही. २०२० साली परदेशातून आलेल्या काही पोशाखांविषयी तक्रारी झाल्या, तशा येथे शिवलेल्या काही पोशाखांविषयीही झाल्या. देशात शिवलेले म्हणून सदोष कापड रक्ताला अडवीत नाही. म्हणूनच देशी खरेदीचा आग्रह आणि कठोर तपासणीचा आग्रह या दोन्ही गोष्टी एकत्रच धरल्या पाहिजेत. साथीच्या प्रारंभी कृत्रिम रक्ताच्या साहाय्याने कापडाची चाचणी घेण्याची सोय देशात मुख्यतः कोइंबतूरच्या वस्त्र संशोधन संस्थेतच होती. पुढे संरक्षण संशोधन संस्था, आयुध कारखाने आणि मुंबईची वस्त्र समिती यांनी हे काम हाती घेतले. भारतीय मानक ब्युरोने याच वर्षी अशा पोशाखांसाठी आयएस १७४२३ हे मानक केले आणि मान्यता पावलेल्या नमुन्यास स्वतंत्र सांकेतिक क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. ही प्रगती मोठी होती. परंतु प्रारंभी तपासणीसाठी जाणारा नमुना उत्पादक स्वतःच पाठवीत असे. परीक्षार्थ्याने स्वतःच निवडून आणलेल्या प्रश्नाचे उत्तर तपासण्यासारखेच हे झाले. शिक्षकवर्गाला यातील उणीव समजावून सांगण्याची गरज नाही.

अमेरिकेचा अनुभव

हा विसराळूपणा केवळ आपल्याच देशाचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत २००९ च्या इन्फ्लुएन्झा साथीत राष्ट्रीय राखीव साठ्यातील मुखपट्ट्या मोठ्या प्रमाणावर वाटल्या गेल्या. त्या साठ्याची नंतर पुरेशी भरपाई झाली नाही. त्या वेळी टेक्सास राज्यातील एका उत्पादकाने निकडीच्या मागणीवर विसंबून कारखाना वाढविला. साथ ओसरताच गिऱ्हाइके स्वस्त आयात मालाकडे परतली आणि कारखाना बुडता बुडता वाचला. या उत्पादकाने मे २०२० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना ही सारी हकीकत मांडली. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्रातील परिचारिकांना तेव्हा एकेक मुखपट्टी अनेक दिवस वापरावी लागत होती.

या अनुभवातून अमेरिकेने घेतलेला धडा नोंद घेण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये संमत झालेल्या पायाभूत सुविधांच्या कायद्यात संरक्षक साधनांविषयी एक स्वतंत्र भाग घालण्यात आला. आरोग्य, अंतर्गत सुरक्षा आणि माजी सैनिक या तीन खात्यांनी अशी साधने कच्च्या मालापासून देशात तयार झालेलीच घ्यावीत आणि त्यांचे करार किमान दोन वर्षांचे असावेत, असे त्यात म्हटले आहे. माल उपलब्ध नसेल किंवा किंमत अवाजवी असेल, तर अपवादाचीही सोय आहे. कराराची मुदत कायद्यातच लिहिली जावी, ही या तरतुदीतील महत्त्वाची गोष्ट. मागणी टिकली तरच कारखाना टिकतो, हे तत्त्व तेथे मान्य झाले. अर्थात हा कायदा होईपर्यंत, साथीत उभे राहिलेले अनेक नवे अमेरिकी कारखाने बंद पडू लागले होते, हेही विसरता कामा नये. उशिरा आलेले शहाणपणही महागच पडते.

तीन आक्षेप

अशा दीर्घ मुदतीच्या देशी खरेदीवर तीन आक्षेप घेतले जातील आणि ते तिन्ही दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप खर्चाचा. आरोग्यखात्याचा पैसा आधीच अपुरा असताना परदेशी मालाहून महाग माल का घ्यावा? याचे उत्तर असे की, हा जादा खर्च विम्याच्या हप्त्यासारखा आहे. घराला आग लागली नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला, असे कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. मार्च २०२० मध्ये अनेक देशांनी आपापल्या मालाची निर्यात रोखली. भारतानेही तेच केले होते. त्या दिवसांत पैसा असूनही माल मिळत नव्हता आणि मिळाला तो वाटेल त्या भावाने. स्वस्ताईची वर्षे आणि टंचाईचे महिने यांची सरासरी काढली, तर स्वस्त आयात दिसते तितकी स्वस्त ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आश्वासित गिऱ्हाईक मिळाले की उत्पादक सुस्तावतो. संरक्षणाच्या भिंतीआड देशी उद्योग कसे बेफिकीर झाले आणि ग्राहकाला स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून कसे बसावे लागले, याची आठवण मागच्या पिढीला आहे. हा धोका टाळायचा तर आश्वासन एकाला देऊन चालणार नाही. एकूण मागणी निरनिराळ्या प्रदेशांतील चार-पाच उत्पादकांत विभागावी, वाटा कामगिरीनुसार कमी-जास्त व्हावा आणि मुदतीअंती नव्या उत्पादकास प्रवेश मिळावा. रुळांच्या करारातही प्रत आणि किंमत या दोन्ही अटी होत्याच. आश्रय आणि जबाबदारी यांची तेथे सांगड घातलेली होती.

तिसरा आक्षेप भांडारपालाचा आहे. माल घेऊन ठेवला आणि वापरला गेला नाही, तर तो मुदतबाह्य होतो. मुखपट्टीचे रबर सैल पडते, कापडाचा गुण उतरतो आणि मग लेखापरीक्षक आक्षेप काढतो. ही भीती खरी आहे. खरेदी करणाऱ्या लिपिकाला आणि अधिकाऱ्याला माल नसल्याबद्दल क्वचितच जाब विचारला जातो, माल पडून राहिल्याबद्दल मात्र हमखास विचारला जातो. साहजिकच धारिकेवर खरेदी पुढे ढकलण्याची टिपणी लिहिणे हेच शहाणपणाचे ठरते आणि मार्चअखेर उरलेला निधी घाईने संपविला जातो. दोष व्यक्तीचा नाही, बक्षीस आणि शिक्षा यांच्या उलट्या रचनेचा आहे.

परंतु या आक्षेपाचे उत्तर रुग्णालयांतच आहे. मुखपट्ट्यांची गरज केवळ महामारीत लागते, हा समजच मुळात चुकीचा आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश रुग्ण भारतात आहेत आणि क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. क्षयरोग रुग्णालयांत, छातीच्या विकारांच्या वॉर्डांत, थुंकीची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांना संरक्षणाची गरज रोजची आहे. २०१८ साली केरळात निपाहची साथ आली तेव्हा रुग्णाची शुश्रूषा करणारी एक तरुण परिचारिका त्याच रोगाने दगावली. तेव्हा कोविडचे नावही कोणी ऐकले नव्हते. राखीव साठा कुलूपबंद न ठेवता फिरता ठेवला, म्हणजे जुना माल आधी रोजच्या वापरासाठी वॉर्डात जाईल आणि त्याच्या जागी नवा माल कोठारात येईल, अशी व्यवस्था केली, तर मुदतबाह्य होण्याचा प्रश्न बव्हंशी सुटतो. रोजची गरज प्रामाणिकपणे भागविली, तर संकटकाळची अर्धी तयारी आपोआप होऊन जाते.

महाराष्ट्राने काय करावे?

या बाबतीत राज्यांचा वाटा केंद्राइतकाच मोठा आहे. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे आणि जिल्हा रुग्णालये राज्यांच्याच ताब्यात आहेत. तामिळनाडूने १९९४ साली वैद्यकीय सेवांसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापून एकत्रित खरेदी, जिल्ह्याजिल्ह्यांतील गोदामे आणि पुरवठा झालेल्या मालाच्या नमुन्यांची तपासणी यांची जी घडी बसविली, तिचा अभ्यास पुढे इतर राज्यांनी केला. महाराष्ट्रात २०१७ पासून औषधे व उपकरणे यांची खरेदी हाफकिन महामंडळामार्फत करण्याचा प्रयोग झाला. तिच्यातील दिरंगाईविषयी तक्रारी वाढत गेल्या आणि २०२३ साली वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा करण्यात आला. नवे प्राधिकरण हे जुन्या धारिका नव्या कपाटात ठेवण्याचे निमित्त ठरू नये, अशी इच्छा असेल, तर त्याने काही गोष्टी पहिल्यापासून पाळणे इष्ट होईल.

संरक्षक साधनांसाठी किमान तीन वर्षांचे दरकरार व्हावेत आणि त्यांत दरवर्षी निदान किती माल उचलला जाईल याचे बंधनकारक आश्वासन असावे. नुसत्या दरकराराने दर ठरतो, मागणी ठरत नाही. आज पुष्कळ दरकरारांत पुरवठादार बांधला जातो आणि खरेदीदार मोकळा राहतो. संकट आल्यास उत्पादन किती दिवसांत किती पटींनी वाढवायचे, हे करारातच नमूद असावे आणि ती जादा क्षमता राखून ठेवण्यासाठी वाजवी मोबदला मिळावा. अग्निशामक दलाला आपण आग लागलेल्या दिवसांपुरता पगार देत नाही.

तपासणीचा नमुना कारखान्यातून न घेता रुग्णालयाच्या कोठारातून, पूर्वसूचना न देता, उचलावा. निष्कर्ष उत्पादकाच्या नावानिशी जाहीर व्हावेत. ज्या परिचारिकेने तो पोशाख अंगावर घालायचा, तिला तो कोणत्या चाचणीस उतरला हे जाणण्याचा हक्क आहे. देशी मालाचे मूल्य ठरविताना गाळणीचे कापड, शिवणीची पट्टी यांसारखे कळीचे घटक देशात तयार होतात काय, हे स्वतंत्रपणे पाहिले जावे. तांत्रिक वस्त्रांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांची राष्ट्रीय मोहीम मंजूर केली होती. परंतु संशोधनाला पैसा आणि उत्पादनाला गिऱ्हाईक नाही, अशी स्थिती राहिली, तर संशोधन प्रयोगशाळेतच राहील.

अखेरची गोष्ट पैशाची. लघुउद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे देणे बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. कायदा इतका कडक असूनही थकबाकीच्या तक्रारींसाठी २०१७ मध्ये केंद्राला वेगळी व्यवस्था उभारावी लागली, यातच वस्तुस्थिती दिसून येते. लहान उत्पादक आपल्याच सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करण्यास सहसा धजत नाही. सहा महिने पैसे अडकणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो त्या सहा महिन्यांचे व्याज दरात मिळवितो किंवा सरकारी निविदेच्या वाटेलाच जात नाही. मग मैदानात उरतात ते पैसा तुंबला तरी चालणारे बडे व्यापारी. देशी लघुउद्योगाला उत्तेजन देण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता, असे विचारल्यास त्याचे बिल वेळेवर चुकते करणे, हेच उत्तर द्यावे लागेल.

यांतील एकही सूचना क्रांतिकारक नाही. त्यांना फार मोठा निधी लागत नाही की नवी घोषणा लागत नाही. लागते ते सातत्य, आणि आपल्या सार्वजनिक जीवनात तेच दुर्मिळ झाले आहे. संकटाच्या वेळी टाळ्या वाजविणे, दिवे लावणे, कर्मचाऱ्यांना योद्धे म्हणणे सोपे असते. योद्ध्याला रणांगणावर पाठविण्यापूर्वी त्याच्या अंगावर चिलखत आहे की नाही, हे पाहणे कंटाळवाणे काम आहे. ते निविदांच्या अटींत, भांडाराच्या नोंदवह्यांत आणि बिलांच्या तारखांत दडलेले असते.

पुढली साथ कोणती असेल, केव्हा येईल, हे कोणालाही सांगता येणार नाही. परंतु ती येईल त्या दिवशी एखाद्या तालुक्याच्या रुग्णालयात रात्रपाळीची परिचारिका कोठाराचे दार उघडील, तेव्हा तिच्या हाती तपासून घेतलेली मुखपट्टी लागेल की रेनकोट शोधण्याची पाळी तिच्यावर येईल, याचा निर्णय त्या रात्री होणार नाही. साथ नसलेल्या एखाद्या शांत वर्षी, कोठल्या तरी कार्यालयात खरेदीच्या धारिकेवर सही होते की ती पुढल्या आर्थिक वर्षावर ढकलली जाते, यावरच तो अवलंबून राहील.